पातळ आडभिंतीत दाराची चौकट: आधी चौकट की आधी भिंत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या खोलीत अर्ध्या विटेची, म्हणजे गिलाव्याशिवाय ११५ मिलिमीटर जाडीची, आडभिंत घालून दोन खोल्या करायच्या आहेत आणि त्या भिंतीत एक लाकडी दार बसवायचे आहे. गवंडी म्हणतो की चौकट आधी उभी करू आणि तिच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवत नेऊ. सुतार म्हणतो की भिंत आणि गिलावा पुरा होऊ द्या, दारापुरती जागा मोकळी सोडा, चौकट मी मागाहून बसवीन. यांपैकी कोणाचे ऐकावे, चौकट किती रुंद करावी, आणि अशा दारांच्या कडेने काही महिन्यांतच जी उभी चीर पडते ती कशी टाळावी, असे आपण विचारले आहे.

भिंत विटांची असेल तर गवंड्याचे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सुताराच्या म्हणण्यामागे जी काळजी आहे, ती सोडून चालणार नाही. लाकूड पुरते वाळलेले असले पाहिजे आणि बांधकामाच्या ओलीपासून ते जपले गेले पाहिजे. या दोन गोष्टी होणार नसतील, तर सुताराचाच मार्ग बरा.

असे का, हे समजण्यासाठी दाराचा जोर नेमका कुठे जातो ते पाहावे लागते. दाराचा पल्ला २५ किलोचा आणि सुमारे ८०० मिमी रुंद आहे, वरच्या आणि खालच्या बिजागरीत १.६ मीटर अंतर आहे, असे धरू. पल्ल्याचे वजन बिजागऱ्यांपासून ४०० मिमीवर एकवटते, म्हणून वरची बिजागरी चौकटीला साधारण सव्वासहा किलोच्या जोराने ओढत असते. तीस किलोचे मूल मुठीला लोंबकळले तर त्यात आणखी तेरा-साडेतेरा किलोंची भर पडते. आकडे लहान आहेत. अडचण आहे ती दिशेची. दार बंद असताना ही ओढ भिंतीच्या लांबीच्या दिशेने असते आणि त्या दिशेला भिंत पुष्कळ ताकदवान असते. तेच दार काटकोनात उघडले की ओढ भिंतीला आडवी होते, म्हणजे भिंत जिथे फक्त ११५ मिमी जाड आहे त्या दिशेने. दार आपटते तेव्हाचा धक्काही याच दिशेने, कुलपाच्या बाजूच्या बाहीवर, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडावर, बसतो. शिवाय दारापाशी भिंतीला मोकळे टोक येते आणि पातळ भिंतीचे ते सर्वांत अशक्त ठिकाण असते. जाड भिंतीत चौकट भिंतीच्या भरवशावर उभी राहू शकते. पातळ भिंतीत तो भरवसा धरता येत नाही, तिथे चौकटीनेही भिंतीच्या टोकाला धरून ठेवावे लागते. आधी उभी केलेली, जमिनीला पक्की केलेली आणि विटांच्या थरांत पकडलेली चौकट हे काम करते. मागाहून फटीत सरकवलेली चौकट ते क्वचितच करू शकते.

आता रुंदी. चौकटीची रुंदी गिलाव्यासह भिंतीच्या पूर्ण जाडीइतकी ठेवावी: ११५ मिमी वीट आणि दोन्ही अंगांना १२ मिमी गिलावा मिळून १३९, म्हणजे १४० मिमी. लाकूड वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी १०० मिमी रुंदीची चौकट एका अंगाशी लावून बसवतात आणि उरलेले ४० मिमी गिलाव्याने वळवून घेतात. जाड भिंतीत ते खपते. पातळ भिंतीत ती गिलाव्याची अरुंद पट्टी प्रत्येक धक्क्याने हलते, आधी तिला केसासारखी चीर पडते आणि मग कोपरा सुटून येतो. एकसंध १४० मिमीचे लाकूड मिळत नसेल, तर दोन फळ्या खाच आणि जीभ करून, डिंक लावून जोडाव्यात आणि जोड, पल्ला ज्या खाचेत मिटतो तिच्या कोपऱ्यात येईल असा ठेवावा, म्हणजे तो दिसत नाही.

जाडी ६० मिमी पुरेशी आहे. तीत पल्ल्यासाठी १५ मिमी खोल खाच काढली की मागे ४५ मिमी लाकूड उरते आणि बिजागरीच्या स्क्रूंना तेवढे लागतेच. खाचेची रुंदी पल्ल्याच्या जाडीहून एक-दोन मिमी अधिक असावी. ३५ मिमीच्या पल्ल्याला ३७ मिमी. रंगाचे थर चढले की हे दोन मिमी किती गरजेचे होते ते कळते. पल्ल्याचे माप चौकटीवरून असे निघते: चौकट बाहेरून ९०० मिमी रुंद असेल, तर दोन्हीकडचे ४५ वजा जाता ८१० आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी फट सोडून पल्ला ८०४ मिमीचा. प्रत्यक्ष जाण्यायेण्याची वाट ७८० मिमी राहते. मोठे सामान त्या खोलीत न्यायचे असेल, तर हा आकडा आधी पाहावा आणि त्यावरून चौकटीचे बाहेरचे माप ठरवावे.

लाकडाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच ठरतात. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते, आणि सालीला समांतर कापलेली फळी गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट आटते. १४० मिमीच्या फळीतील ओल चार टक्क्यांनी घटली, तर रुंदी सव्वा ते दीड मिमीने कमी होऊ शकते. गिलाव्याच्या कडेला दिसणारी फट बरेचदा एवढीच असते. म्हणून लाकूड आणल्यावर ज्या घरात दार बसणार आहे तिथे ते काही आठवडे खाली-मध्ये पट्ट्या देऊन, वारा खेळेल असे रचून ठेवावे. ओल मोजण्याचे यंत्र असल्यास कोरड्या खोलीसाठी १० ते १२ टक्के ठीक. अर्थात हवा सदैव दमट असेल, तर लाकूडही त्या हवेच्या बरोबरीला येऊन थोड्या वरच्या आकड्यावर थांबेल आणि ते योग्यच आहे.

फळीच्या टोकावरची वर्तुळे पाहून तिची कोणती बाजू कुठे येणार हेही ठरवावे. वाळताना फळी अशी वळते की तिच्या दोन्ही कडा गाभ्यापासून दूर, सालीच्या अंगाला जातात. त्यामुळे गाभ्याकडची बाजू दाराच्या मोकळ्या जागेकडे आणि सालीकडची बाजू भिंतीकडे ठेवली, तर फळी वळली तरी तिच्या कडा भिंतीलाच चिकटतात. उलट ठेवली, तर कडा उचलल्या जातात आणि चौकट आणि गिलाव्याचा सांधा झाकणारी झाकपट्टी त्यांच्याबरोबर उघडते. बाहीच्या पाठीमागे लांबीभर दोन उथळ खाचा मारल्या की वळण्याचा जोर कमी होतो आणि त्यांत चुना-सिमेंट भरले जाऊन पकडही मिळते.

सांधा कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि भोकाचाच करावा. दोन्ही बाह्यांच्या डोक्यावर कुसू काढावे आणि गणेशपट्टीत, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात, भोके पाडावीत; कुसवाची जाडी लाकडाच्या एक-तृतीयांश, म्हणजे इथे सुमारे २० मिमी. भोक पटाशीने दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे पाडावे, म्हणजे पलीकडची कड फुटत नाही. लाकडी खुंटी मारताना कुसवातले भोक खांद्याच्या बाजूला (कुसू जिथून निघते तिकडे) दीड मिमी सरकवून पाडले, तर खुंटी आत जाताना सांधा आपोआप ओढला जातो. चौकट आधी उभी करून भिंत बांधणार असाल, तर गणेशपट्टीची दोन्ही टोके बाह्यांच्या बाहेर ७५-१०० मिमी राखावीत. ती विटांत पकडली जातात.

जोडलेली चौकट बांधकामावर नेण्यापूर्वी तिला तीन आधार हवेत: तळाशी दोन बाह्यांमधले अंतर वरच्याइतकेच राखणारी आडवी पट्टी, वरच्या दोन कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या, आणि उंचीच्या मध्यावर आणखी एक आडवी पट्टी. मधली पट्टी पुष्कळ जण देत नाहीत. गवंडी ओला थर दाबत बाहीला आत ढकलतो आणि चौकट मध्यावर चार-पाच मिमी अरुंद होते, हे पल्ला बसवतानाच लक्षात येते. भिंतीला लागणाऱ्या सगळ्या बाजूंना प्राइमरचे दोन हात द्यावेत, वाळवीचा उपद्रव असेल तिथे त्याआधी वाळवीनाशक लावावे, आणि बाह्यांच्या तळाच्या टोकांना रंग अगदी पिईपर्यंत पाजावा, कारण लाकूड पाणी ओढते ते मुख्यत्वे टोकाकडून. दर्शनी बाजू जाड प्लास्टिकने गुंडाळून मगच गवंड्याच्या हाती द्यावी.

चौकट उभी करताना पहिले माप तयार जमिनीचे. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून साधारण ५० मिमी चढणार असेल, तर सर्व उंच्या त्या रेषेवरून मोजाव्यात. ती रेषा शेजारच्या भिंतींवर आधीच मारून ठेवावी. बाह्यांचे पाय फरशीच्या थरात पुरल्याने चौकट घट्ट होते खरी, पण पुसण्याचे पाणी तिथेच मुरते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. त्याऐवजी प्रत्येक पायाच्या टोकात १२ मिमी जाडीची लोखंडी सळई निम्मी बसवून तिचे दुसरे टोक खालच्या काँक्रीटमध्ये ५० मिमी पाडलेल्या भोकात पक्के करावे. पाय तयार फरशीच्या पातळीवरच थांबतो, खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा राहतो, आणि जागा मात्र तसूभर हलत नाही.

ओळंबा दोन्ही दिशांना पाहावा, आधी बिजागरीच्या बाहीला. दोन मीटरच्या उंचीत एक मिमीहून अधिक झुकाव मी सोडत नाही, कारण झुकलेल्या बाहीवरचे दार आपणहून उघडते किंवा मिटते. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आली, पण तेवढ्याने काम संपत नाही. चौकटीला पीळ आहे का हे पाहण्यासाठी चारही कोपऱ्यांना, एकाच अंगाला, बारीक खिळे मारून दोन दोऱ्या कर्णावर ताणाव्यात. मध्यावर त्या एकमेकींना हलकेच स्पर्श करत असतील, तर पीळ नाही. मध्ये फट दिसली, किंवा एक दोरी दुसरीला दाबून वाकवत असली, तर एक पाय पुढे-मागे करून पीळ काढावा. मग दोऱ्यांची अदलाबदल करून, वरची खाली घेऊन, पुन्हा पाहावे. पीळ राहिलेल्या चौकटीत पल्ला कितीही रंधला तरी एक कोपरा उचललेलाच राहतो.

भिंत चढू लागली की प्रत्येक बाहीला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, लावाव्यात: जमिनीपासून सुमारे ३०० मिमीवर, मध्यावर आणि गणेशपट्टीच्या सुमारे ३०० मिमी खाली. पातळ भिंतीत होल्डफास्टची पट्टी विटांच्या आडव्या सांध्यात, भिंतीच्या लांबीच्या दिशेने, आडवी निजवावी आणि तिच्याभोवती भिंतीच्या जाडीइतका काँक्रीटचा ठोकळा भरावा. थर त्या उंचीला आल्यावरच ती बाहीला लावावी, म्हणजे सांधा आणि पट्टी जुळतात. ती स्क्रूनेच लावावी. हातोडा मारला की खालचे ओले थर सुटतात आणि ती इजा गिलाव्याखाली झाकली जाते. बिजागऱ्यांच्या जागा आधी खुणा करून ठेवाव्यात आणि होल्डफास्ट त्यांच्या जवळ, पण ५० मिमी वर किंवा खाली घ्यावेत. नाहीतर पाठीमागून आलेला स्क्रू आणि बिजागरीचा स्क्रू ४५ मिमीच्या लाकडात एकमेकांना भिडतात. भिंत एका दिवसात मीटरभराहून उंच चढवू नये आणि प्रत्येक टप्प्यानंतर ओळंबा पुन्हा पाहावा.

अर्ध्या विटेच्या भिंतीला साधारण मीटरभर उंचीवर सळया घातलेली काँक्रीटची आडवी पट्टी देण्याची जी रीत आहे, ती दाराच्या भिंतीत तरी मोडू नये. दाराच्या डोक्यावरची पट्टी भिंतीच्या पूर्ण लांबीची करावी. तीच दारावरची तुळई होते. भिंतीचे वजन गणेशपट्टीवर अजिबात येता कामा नये. दार आडव्या भिंतीच्या कोपऱ्याजवळ असेल आणि मध्ये एका विटेहून अरुंद तुकडा उरत असेल, तर तो विटांनी बांधू नये, कारण त्याला ताकद येत नाही. तेवढा भाग दोन सळया घालून काँक्रीटचा करावा, किंवा दार सरकवून तुकडा मोठा करावा.

आपली भिंत यापेक्षाही पातळ, म्हणजे उभ्या विटेची ७५ मिमीची असेल, किंवा लांब असून मध्ये कुठेही आडव्या भिंतीचा आधार नसेल, तर माझा आग्रह निराळा आहे. अशा ठिकाणी दोन्ही बाह्या थेट छतापर्यंत न्याव्यात, वर लोखंडी कोनाने छताला बांधाव्यात, आणि गणेशपट्टी त्यांच्या मध्ये कुसू घालून बसवावी. बाह्यांच्या पाठीला भिंतीच्या जाडीइतकी रुंद, २० मिमी खोल खाच काढून भिंतीचे टोक तीत घ्यावे. मग भिंतीला मोकळे टोक उरतच नाही. छत भाराने किंचित वाकते, म्हणून वरच्या कोनातली भोके उभी लांबट ठेवावीत. गणेशपट्टीच्या वरचा भाग विटांऐवजी काचेचा किंवा प्लायचा केला तर उजेडही मिळतो आणि वजनही वाचते. वजनाचा विषय निघाला म्हणून एवढे सांगणे गरजेचे आहे की गिलावा केलेली अर्ध्या विटेची, २.८ मीटर उंचीची भिंत दर धावत्या मीटरला सुमारे साडेसातशे किलो भरते. ती वरच्या मजल्यावर नव्याने घालायची असेल, तर चौकटीच्या आधी इमारतीच्या अभियंत्याची परवानगी हवी.

सुताराचा मार्ग योग्य ठरतो तो हलक्या ठोकळ्यांच्या आणि जिप्सम बोर्डाच्या भिंतींत. फुगीर सिमेंटच्या हलक्या ठोकळ्यांत ड्रिलचा ठोका बंद ठेवून, नुसते फिरवून भोके पाडावीत आणि नायलॉनच्या नळीसह येणारे लांब स्क्रू ठोकळ्यात ६०-७० मिमी जातील असे, भिंतीच्या जाडीच्या मध्यावर घ्यावेत. स्क्रूच्या प्रत्येक ठिकाणी दोन पाचरी समोरासमोरून सरकवून बाही आणि भिंत यांतली जागा घट्ट भरावी. पाचर स्क्रूच्या रेषेत नसेल, तर स्क्रू आवळताना बाही वाकते. उरलेल्या फटीत फोम भरण्यास हरकत नाही, परंतु फोम चौकट धरून ठेवतो असे समजू नये, आणि तो फुगताना बाह्या आत ढकलतो म्हणून मधल्या पट्ट्या दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नयेत. जिप्समच्या भिंतीत दाराच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे उभे खांब जमिनीपासून छतापर्यंत अखंड असावेत आणि त्यांच्या पोटात लाकूड भरलेले असावे. बोर्डाचा सांधा बाहीच्या रेषेत कधीही आणू नये. बोर्ड दाराच्या कोपऱ्याभोवती काटकोनात कापून सांधा गणेशपट्टीच्या मध्यावर घ्यावा. कोपऱ्यातून वर जाणारी ती ओळखीची चीर याच एका गोष्टीने टळते.

विटांच्या भिंतीत चांगल्या प्रतीचे महाग लाकूड वापरायचे असेल, तर दोघांचेही समाधान करणारा तिसरा मार्ग आहे. २५-३० मिमीच्या साध्या पण वाळलेल्या लाकडाची कच्ची चौकट भिंतीबरोबर बांधून घ्यावी, आणि गिलावा वाळल्यावर तिच्यावर पक्की चौकट स्क्रूने चढवावी. खर्च वाढतो आणि दोन्ही बाजूंना तेवढी जागाही जाते, परंतु दर्शनी लाकडाला ओल लागत नाही.

गिलावा आणि लाकूड यांचा सांधा कसाही केला तरी एक बारीक रेघ उमटणारच, कारण दोन्ही वेगवेगळ्या वेगाने आटतात. म्हणून ती रेघ लपेल अशी व्यवस्था करावी. एक तर कडेने १० मिमीची सरळ खाच गिलाव्यात सोडावी, किंवा झाकपट्टी लावावी. झाकपट्टी केवळ चौकटीच्या कडेला खिळवावी, भिंतीला कधीही नाही, आणि चौकटीच्या कोपऱ्यापासून पाच मिमी मागे ठेवावी.

पल्ल्याला १०० मिमीच्या तीन बिजागऱ्या लावाव्यात. बिजागरीचे घर चाकूने आखून, पात्याच्या जाडीइतकेच खोल करावे. अधिक खोल गेले, तर पल्ला बाहीला घासून बिजागरीच उचकटू लागतो. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू तरी लांब घेऊन तो बाही ओलांडून मागच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात प्लग घालून पक्का केला, तर पुढे दार झुकत नाही. आणि दार अडवणारा खुंट जमिनीवर पल्ल्याच्या बाहेरच्या टोकाजवळ बसवावा. तो बिजागरीपासून १०० मिमीवर असेल, तर ८०० मिमीच्या पल्ल्याच्या टोकाला दिलेला धक्का आठपट होऊन तिथे पोचतो, आणि बिजागरीच्या बाहीच्या कडेने पडणाऱ्या चिरांचे कारण पुष्कळदा तिथे सापडते.